ठोकळ्यांच्या घराचं साणं

दादा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली आणि मी तुम्हाला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. तुम्ही होतात तेव्हाही लिहिल्या नाहीत, कारण तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं. आता ती अडचण राहिलेली नाही. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. कालव्यावर चौकीदार होतो तेव्हा रजिस्टरात पाण्याची पातळी लिहायचो, तेवढीच हाताला सवय. पण जे सांगायचंय ते घरात कुणाजवळ नीट बोलता येत नाही, म्हणून नातीची अर्धी कोरी राहिलेली वही घेऊन बसलोय. सरळच लिहितो. सत्तरी ओलांडलेला तुमचा मुलगा लहान पोरींचा गेम चोरून खेळत होता, आणि त्यापायी एका पोरीवर आळ आला.

आम्ही परभणीत राहतो. मुलगा आणि सून दोघंही कामाला जातात, नात सातवीत आहे, दुपारी घरात मी एकटा. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. गॅसचं बटण तीनदा बघतो. कडी लावली का ते बघायला अर्ध्या वाटेतून परत येतो. पोरीला शाळेतून यायला पाच मिनिटं उशीर झाला की फाटकाशी जाऊन उभा राहतो आणि नको ते मनात आणतो. तिला अभ्यासासाठी टॅबलेट घेऊन दिला तर ती त्यावर ठोकळ्यांचा गेम खेळायला लागली, आणि माझी कटकट सुरू झाली. डोळे जातील, मान वाकडी होईल, डोक्यात दुसरं काही शिरणार नाही. शेवटी मीच सुनेला म्हणालो, शाळेतून येऊन चहापाणी होईपर्यंत तो कपाटात कुलपात ठेवू, किल्ली माझ्याकडं राहू दे. तिला लय बरं वाटलं. शेजारणींना सांगायची, आमच्या मामांचं लक्ष असतंय म्हणून मला घोर नाही. किल्ली मी करदोड्याला बांधली.

मग एका दुपारी, पोरगी त्यात एवढं काय बघते ते बघावं म्हणून मी कुलूप काढलं. तिनं पूर्वी एकदा मला दाखवलं होतं. त्यातलं सगळं जग चौकोनी असतं. झाडं चौकोनी, ढग चौकोनी, मेंढीसुद्धा चौकोनी. खोडावर अंगठा दाबून धरला की लाकूड मिळतं, जमिनीवर धरला की माती मिळते, आणि मिळेल ते एकावर एक रचत जायचं. काय रचायचं ते कुणी सांगत नाही. त्यात पहिला नंबर नाही, नापास होणं नाही. डोंगर चढलो की पुढं आणखी डोंगर, नदी ओलांडली की पलीकडं रान, आणि त्या रानाला बांध नाही, सातबारा नाही, बांध कोरणारा भाऊबंद नाही. फक्त तिथला दिवस दहा मिनिटांत मावळतो. अंधार पडला की मारणारे जीव बाहेर पडतात, आणि त्याच्या आत तुमच्या चार भिंती उभ्या पाहिजेत.

दादा, मला जन्मभर कशाची भीती वाटत आली ते मला कधी सांगता आलं नाही. तुम्ही विचारायचात, काय झालं रे, आणि मी गप्प बसायचो, कारण काहीच झालेलं नसायचं. तिथं मात्र भीती डोळ्यांना दिसते. ती कधी येणार ते ठाऊक असतं, आणि मातीचे वीस-पंचवीस ठोकळे आणि एक दार एवढ्यावर ती बाहेर राहते. आपण आत बसायचं आणि ती बाहेर हिंडताना ऐकायचं. असं निवांत मला देवळातही वाटलेलं नाही. गुडघे दुखत नाहीत, चुकलेला ठोकळा काढून परत लावता येतो, आणि चूक बघायला कुणी नसतं. मग मी रोज कुलूप काढायला लागलो. चार्जिंग जेवढं होतं तेवढं परत करून ठेवायचो. काच धोतराच्या सोग्यानं पुसायचो. चोर तरी इतकी काळजी घेत असेल का?

नातीनं बांधलेल्या जागेपासून लांब, नदीच्या पलीकडं, मी माझं एक खोपट सुरू केलं. मातीच्या भिंती झाल्या, वर लाकडं आडवी टाकली, त्यावर माती पसरली, आणि अर्धं छत झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी माळवद घालतोय. मला ते कुणी शिकवलेलं नव्हतं असं मी जन्मभर लोकांना सांगत आलो. आठवतं ते असं, मी बारा वर्षांचा आहे. झरीला एका घरावर तुम्ही तुळयांवर पाला अंथरताय, मी खालून पांढऱ्या मातीची पाटी वर देतोय. तुम्ही ती माती पसरता, धुम्मसानं ठोकता, कान लावून आवाज ऐकता आणि पुन्हा ठोकता. बरोबर मध्यावर हातभर चौकोन मोकळा ठेवता. ते साणं. तिथून उजेड आत येणार, चुलीचा धूर बाहेर जाणार. घरमालकाच्या बाईला खाली उभं करून तुम्ही वरून विचारता, पडला का उजेड? ती पडला म्हणेपर्यंत तुम्ही त्या चौकोनाच्या कडा लिंपत नाही. शाळेत पोरं मला चिखल्या म्हणायला लागली. तेव्हापासून मी पाटी उचलायला काही ना काही निमित्त काढून टाळाटाळ केली. नोकरी लागल्यावर तुम्ही एकदाच निरोप पाठवला होता, पेडगावला मोठं काम आहे, हात कमी पडायलेत, दोन दिवस ये. मी ड्यूटी आहे म्हणून कळवलं. ड्यूटी नव्हती. दोन्ही दिवस मी क्वार्टरमध्ये झोपून काढले.

आणि मी हे घर बांधलं तेव्हा. स्लॅब पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, एकेका खोलीत गेलात, वर बघितलंत आणि मिस्त्रीच्या देखत मला विचारलंत, साणं कुठं ठेवलं? मी हसलो. म्हणालो, "दादा, आता बल्ब असतेत." मिस्त्री हसला, त्याची माणसं हसली. तुम्हीही थोडं हसलात आणि बाहेर वाळूच्या ढिगावर जाऊन बसलात. जेवायला हाक मारली तर भूक नाही म्हणालात. मी त्यावर कधी काही बोललो नाही, आणि तुम्हीही नाही.

आता मुद्द्यावर येतो. नातीचं त्या गेममधलं घर डोंगराच्या कुशीत कोरलेलं होतं. मागचा डोंगर सरळ छताला येऊन मिळायचा, आपल्या गावात शेजारच्या माळवदावरून आपल्या माळवदावर येता यायचं तसं. ते घर तिनं आणि गल्लीतल्या तिच्या मैत्रिणीनं मिळून उन्हाळ्याच्या सुट्टीपासून बांधलेलं. मैत्रीण आपल्या आईचा मोबाइल घेऊन यायची आणि दोघी आमच्या ओसरीवर शेजारी बसून त्या एकाच घरात हिंडायच्या. आत पेट्या भरून जमवलेलं सामान होतं, आणि मैत्रिणीनं हाडं चारून माणसाळवलेलं एक कुत्रं होतं. मी गेम उघडला की त्या घरातच उभा असायचो, तिथून नदीपलीकडं जायचो आणि पोरी शाळेतून यायच्या आत परत येऊन, नात जिथं उभी होती तिथंच उभा राहायचो. पण त्यांची मधली खोली काळोखी होती. रोज तिथून जाताना मला ते खटकायचं. एका सोमवारी मी छतावर चढलो आणि मध्यावरचा एक ठोकळा काढला. खाली उजेडाचा चौकोन पडला. मला इतकं बरं वाटलं की खाली जाऊन मी त्या चौकोनात उभा राहिलो. नदीपलीकडं गेलोच नाही. तिथं दिवस कलायला आला तेवढ्यात आमचं फाटक वाजलं. शाळा लवकर सुटली होती. तुम्ही सांज झाली की साण्यावर फरशी सारायचात, आभाळ असो नसो. मी भोक झाकलंच नाही, घाबरून गेम तसाच बंद केला, कपाट लावलं आणि पाणी पीत बाहेर आलो.

चहा झाल्यावर तिनं किल्ली मागितली आणि माझ्या शेजारी बसून गेम उघडला. तिथं अंधार पडत होता. डोंगरावरून एक हिरवा, हात नसलेला जीव छतावर उतरला आणि त्या भोकातून आत पडला. तो जवळ येऊन फुटतो. फुटला. भिंत गेली, पेट्या गेल्या, कुत्रं गेलं. पोरीनं वर बघितलं तर छताला चौकोनी भोक आणि त्यात चांदण्या. हे आपोआप पडत नसतंय, ती म्हणाली, कुणीतरी ठोकळा काढलाय. आदल्या दिवशी, रविवारी, छतावर फुलं लावायला मैत्रीण गेली होती. झालं, संशय तिच्यावर. दुसऱ्या दिवशी आमच्या ओसरीवर दोघींचं जुंपलं. मी बाजूला बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो.

"मी कशाला पाडू?" मैत्रीण म्हणाली. "माझंच कुत्रं होतं ना."

"मग कुणी पाडलं?" नात म्हणाली. "आजोबांनी?"

मी मान वर केली नाही. शेंगा सोलत राहिलो. टरफलांत दाणे टाकत होतो आणि दाण्यांत टरफलं.

दादा, पंधरा दिवस मी गप्प होतो. पहिलीपासून जोडीनं शाळेत जाणाऱ्या पोरी, त्या वेगळ्या जायला लागल्या. नातीनं वर्गात सगळ्यांना सांगितलं, आणि पोरी मैत्रिणीला खोटारडी म्हणायला लागल्या, तिच्या बाकावर कुणी बसेना. हे नातच घरी येऊन सांगायची, आणि सांगताना तिचाही चेहरा उतरलेला असायचा. मैत्रीण आमच्या घरावरून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायची. मी फाटकाशी उभा असलो की मला आजोबा म्हणून हाक मारायची, ती सवय तिनं सोडली नव्हती. ती हाक ऐकवत नाही म्हणून मी फाटकाशी उभं राहणं सोडलं. लोक काय म्हणतील, सून काय म्हणेल, किल्ली ज्याच्या भरवशावर दिली तोच असा निघाला, हे सगळं डोक्यात फिरायचं. खरं तर सून फार तर हसली असती. पण तुमच्यावर मी लोकांना जसं हसवलं तसं कुणी माझ्यावर हसावं, हे मला सोसणार नव्हतं.

काल शनिवार, सकाळची शाळा. नात घरी आली, जेवली, आणि मी तिला सांगून टाकलं की ते भोक मी पाडलं. ती माझ्या हाताला धरून म्हणाली, "आजोबा, तिच्यासाठी तुमी खोटं बोलायलात. लय चांगले आहात तुमी."

मला एकदम हलकं वाटलं. वाटलं, सुटलो. आपण सांगितलं, तिनं मानलं नाही, यात आपला काय दोष? वर चांगला माणूसही ठरलो. असा मी बराच वेळ बसलो, दादा, आणि त्या वेळेची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. ती भांडी ठेवून आली, वही काढून बसली, तरी मी बसलेलाच. शेवटी चप्पल घातली आणि मैत्रिणीच्या दारी गेलो. तिच्या आईला म्हणालो, पोरीला दहा मिनिटं पाठवा. ती आली, ओसरीच्या पायरीवर अवघडून उभी राहिली. मी दोघींच्या मध्ये बसलो आणि टॅबलेट मांडीवर घेतला.

कुठं वळायचं ते अंगठ्याला माहीत होतं. फुटलेल्या भिंतीतून बाहेर पडलो, उतारावरून नदीला गेलो, पाण्यात टाकलेल्या दगडांवरून पलीकडं झालो.

"आजोबा, तुमाला येतंय की," मैत्रीण हळूच म्हणाली.

खोपट दिसायला लागलं. आता ते खोपट राहिलेलं नाही. दोन खणांचं माळवद आहे, वर जायला दगडी जिना, गाईंना गोठा, काठ बांधलेली विहीर आणि पिवळा पडलेला गहू. मी छतावर गेलो आणि मध्यावरची फरशी काढून त्यांना साणं दाखवलं. म्हणालो, आमचे वडील असं ठेवायचे, तुमच्या घरातही मी तसंच केलं आणि झाकायला विसरलो. नात त्या भोकाकडं किती तरी वेळ बघत होती. मग तिनं टॅबलेट माझ्या मांडीवरून उचलला आणि मैत्रिणीच्या हातात दिला. तू बघ आधी, एवढंच म्हणाली. मी उठून भिंतीला टेकलो, तशी मैत्रीण पायरी सोडून वर आली आणि माझ्या जागेवर बसली.

मला वाटलं होतं, मैत्रीण रागावेल. ती रागावली नाही, जिना चढली, गोठ्यात गेली, विहिरीत वाकून बघितलं. दोघींची डोकी जवळ आली होती. सोमवारी वर्गात सगळ्यांना सांगायचं नातीनं कबूल केलं, आणि मी सुनेला सांगायचं कबूल केलं. सुनेला आज सकाळी सांगितलं. ती हसली नाही. किल्ली मात्र मागून घेतली.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही हे मला कळतं. तरी सगळं नीट उरकलं असं तुम्हाला वाटायला नको म्हणून एक राहिलेलं लिहितो. काल उठताना नातीनं विचारलं, "आजोबा, किती दिवसांपासून खेळायलात तुमी?" मी म्हणालो, दोन-चार दिवस झाले असतील. तिनं विहिरीकडं बघितलं, जिन्याकडं बघितलं, गव्हाच्या वाफ्यांकडं बघितलं. एकेका पायरीला किती वेळ लागतो हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ती "बरं" म्हणाली.

पोळ्यापासून खेळतोय, दादा. आता होळी आली.