खुर्चीवरची लाल पाटी

बरकतपुरा, हैदराबाद

प्रिय गौतमराव,

नमस्कार. तुमचा गुडघा आणि नांदेडचं ऊन, दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. इकडे मी मजेत आहे. तुमची ताई तिकडे गेल्यापासून घरात कसली कटकट नाही. पद्मावतीला हवं तितकं राहू द्या.

(पत्र उभ्यानं, फ्रिजवर कागद ठेवून लिहितोय, अक्षर सांभाळून घ्या.)

आमच्या सुनेला, प्रियदर्शिनीला, मात्र मी मरगळलेला दिसतो. दिवसभर हॉल ते गॅलरी येरझाऱ्या घालणाऱ्या माणसाला मरगळलेला म्हणतात का? पण तिच्या कंपनीत दर सोमवारी माणसांना 'एनर्जाइझ' करतात, तसं मलाही करायचं तिनं मनावर घेतलं. आधी कसलासा हिरवा रस पाजला (दिवसभर दोडका आठवत राहिला). मग आबिड्सच्या एका शिबिरात नेऊन बसवलं. आता हा शब्द मी वीज खात्यात जन्मभर वापरला. नवी लाइन ओढली की तिच्यात पहिल्यांदा वीज सोडायची, ते एनर्जाइझ करणं. त्याआधी सगळ्यांना मागे हटवायचं, खांबावरची माणसं उतरल्याची खात्री करायची. माणसालाही एनर्जाइझ करतात हे मला ठाऊक आहे, मी काही अडाणी नाही. पण स्टेजवरच्या बाई माइकवरून "नाऊ एनर्जाइझ" म्हणाल्या आणि हाडात मुरलेल्या सवयीनं मी उठून ओरडलो, "पीछे हटो, सब लोगां पीछे हटो." अख्खा हॉल खुर्च्या पाडत दाराशी. बाहेर एक गृहस्थ धापा टाकत विचारत होते, "क्या हुआ चचा, करंट मारा क्या?" प्रियदर्शिनीनं मला तिथूनच रिक्षात घालून घरी आणलं.

असो. घरी सर्वांना यथायोग्य सांगा.

आपला,
उमाजी

ता. क. हे पत्र ताईला दाखवू नका.

ता. क. दुसरा. भांडण कशावरून झालं ते तिनं सांगितलं नसेल. मी तिचा मिक्सर दुरुस्तीला उघडला आणि 'काम चालू आहे, वीज सुरू करू नये' ही आमची लाल पाटी त्याला अडकवली. दुरुस्ती जरा लांबली. जाताना तिनं ती पाटी माझ्या आरामखुर्चीला अडकवली. खात्याचा नियम असा, की ज्यानं पाटी लावली त्यानंच ती काढायची. दुसऱ्यानं हात लावला तर खांबावरचा माणूस जिवाला मुकतो. म्हणून तेव्हापासून घरात मी उभाच आहे.

ता. क. तिसरा. ताईला दाखवाच. मिक्सर चालू झालाय, पण घरात करमत नाही. पाटी काढायला तेवढी ये म्हणावं.