गिअरबॉक्समधलं पाणी

रविवार, ३ सप्टेंबर २००६

इंजिन सुरू झालं. बोट हलली नाही.

मार्चपासून इंजिनाला हात लागलेला नव्हता. आज मी हेर केसलरना घेऊन गेले. आमच्या शेजारच्या बोटीचे मालक, ऱ्हाइनवरच्या मालवाहू जहाजांवर चाळीस वर्षं इंजिनं सांभाळून रिटायर झालेले. यांना धक्क्यावर सावलीत बसवलं, चाकांच्या खुर्चीचे, रोलश्टूलचे, ब्रेक लावले. इंजिन दुसऱ्या झटक्यात लागलं. मी गिअरचा दांडा पुढे ढकलला — काही नाही. नुसता इंजिनाचा आवाज वाढला. दांडा मागे ओढला, तर बोट निमूट मागे सरकली. पुन्हा पुढे — काही नाही.

"गेट्रीबे," केसलर म्हणाले. गिअरबॉक्स.

एवढ्या बोटी आहेत इथे, आणि गिअरबॉक्स बिघडायचा तो यांच्या बोटीचा. र्युसेल्सहाइमच्या मोटारींच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं या माणसानं दुसरं काही केलं नाही, गिअरबॉक्स तपासले. गाडीत बसलं की म्हणायचे, वसुधा, ऐक, तिसरा गिअर कुरकुरतोय. मला कधी ऐकू आलं नाही.

मी वळून यांच्याकडे पाहिलं. हे बदकांकडे बघत होते.

सोमवार, ४ सप्टेंबर

क्लबचं पत्र. सोळा ऑक्टोबरपासून खाडीतला गाळ काढणार. चौदापर्यंत सगळ्या बोटी पलीकडच्या नव्या धक्क्यावर हलवायच्या. तिथे जागा फक्त स्वतःच्या इंजिनावर येणाऱ्या बोटींना. ओढून आणलेली चालणार नाही. ज्या हलणार नाहीत त्या क्रेननं उचलून मालकाच्या हवाली. मालकानं कुठे न्यायच्या ते लिहिलेलं नाही. म्हणजे भंगारात.

संध्याकाळी ड्युसेलडॉर्फहून उर्जाचा फोन. मी मराठीत, ती जर्मनमध्ये — नेहमीसारखंच. "आई, जाऊ दे ना ती बोट. तुला पोहताही येत नाही." मग म्हणाली — बाबांचं नाव फ्लेगेहाइममध्ये घालून ठेवूया का? नुसतं यादीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना कायमचं ठेवून घेतात तिथे. हे अंथरुणाला खिळलेले नाहीत, मी म्हणाले. ती म्हणाली, पण तुझ्या पाठीचं काय.

फोन ठेवला. पाठ दुखत होतीच.

गुरुवार, ७ सप्टेंबर

बोलायला शिकवणारी बाई येऊन गेली. सफरचंदाचं चित्र दाखवलं. हे म्हणाले, "गेनाऊ." खुर्ची — "गेनाऊ." चिमणी — "गेनाऊ."

मार्चमध्ये झटका आला त्याला सहा महिने झाले. उजवी बाजू गेली आणि भाषा गेली. हा एकच शब्द राहिला — गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर. एकतीस वर्षांच्या संसारातून माझ्या वाट्याला एक शब्द आला, तोही जर्मन. चहा हवा का — गेनाऊ. दुखतंय का — गेनाऊ. मी कोण आहे — गेनाऊ.

इथे लिहून ठेवते, कारण उर्जाला सांगितलं तर ती डॉक्टरांच्या आवाजात बोलायला लागेल. जुलैत यांना बोटीपाशी नेलं होतं. डावा हात लांब करून यांनी कठडा धरला आणि म्हणाले, "तेल." स्पष्ट. मी ऐकलं. तो कठडा धरल्यावर एक शब्द आला तर अजून येतील. बोट भंगारात गेली तर कुठून येणार?

शनिवार, ९ सप्टेंबर

केसलरनी इंजिनाच्या खोलीत उतरून गिअरबॉक्सची तेल मोजायची काडी बाहेर काढली. तेल लाल हवं, आरपार दिसणारं. काडीवर आलं ते चहासारखं. दूध जास्त झालेल्या चहासारखं.

"पाणी शिरलंय," म्हणाले.

गिअरबॉक्सचं तेल गार ठेवायला एक नळकांडं असतं. आतल्या बारीक नळ्यांतून नदीचं पाणी फिरतं, नळ्यांच्या भोवती तेल. मधला पत्रा कुजला की दोन्ही एक होतात. केसलरनी ते काढलं, एक तोंड बंद केलं, दुसऱ्यातून सायकलच्या पंपानं हवा भरली आणि बादलीत बुडवलं. बुडबुडे.

मी काडी घेऊन तशीच धक्क्यावर आले. "अहो, तुम्ही सांगितलं होतंत ना? तेल?"

"गेनाऊ," हे म्हणाले.

माहीत आहे मला. तरी आज तो शब्द मी खरा धरला.

शनिवार, १६ सप्टेंबर

नवं नळकांडं बसलं. जुनं तेल काढलं, नवं भरलं, इंजिन पाच मिनिटं चालवलं, पुन्हा काढलं. तीनदा. पहिल्यांदा चहा, दुसऱ्यांदा गुलाबी, तिसऱ्यांदा लाल. खाली वाकून तेल काढणं माझ्याकडे होतं, केसलरांचे गुडघे वाकत नाहीत. कोपरापर्यंत हात माखले. यांचा जुना निळा कोट घातला होता, बाही दोनदा दुमडून.

दांडा पुढे — काही नाही. मागे — छान जाते.

केसलर म्हणाले, तेल हा एक आजार होता. दुसरा अजून आत आहे.

रविवार, १७ सप्टेंबर

यांना ताप. बोट नाही. वरणाला फोडणी देताना हाताला अजून त्या तेलाचा वास.

शनिवार, २३ सप्टेंबर

आज कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

वरच्या दांड्यापासून खाली गिअरबॉक्सपर्यंत एक केबल जाते. केसलरनी ती खालून सोडवली आणि गिअरबॉक्सचा छोटा दांडा मला हातानं पुढे ढकलायला लावला. पूर्ण गेला. टक् असा आवाज आला, बोटांना कळला. मग केबल जोडली आणि वरून ढकलायला सांगितलं. खालचा दांडा करंगळीएवढा अलीकडेच थांबला. टक् नाहीच.

"म्हणजे गिअर अर्धाच पडत होता," ते म्हणाले. "अर्धा पडला की आतल्या चकत्या एकमेकींना धरत नाहीत, नुसत्या घासतात. घासून घासून जळतात. ही केबल नवीन आहे. कोणी बसवली?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

"ज्यानं बसवली त्याला यातलं काही कळत नव्हतं."

मी स्वच्छ फडकं शोधायला वर गेले. फडकं खिशातच होतं.

गेल्या ऑक्टोबरात ती केबल यांनी बसवली. मी टॉर्च धरून उभी होते.

रविवार, २४ सप्टेंबर

झोपेतून उठल्यापासून तेच. हे चुकणार नाहीत. एक मिलीमीटर चुकला तर जेवायचे नाहीत, असा माणूस.

बोटीवरून यांची वही घरी आणली. प्रत्येक फेरीची तारीख, इंजिनाचे तास, तेल किती, सगळं त्या छापल्यासारख्या अक्षरात. ऑक्टोबरचं पान काढलं. आठ तारीख — 'केबल बदलली. तपासणी बाकी.' नऊ — 'केबल बदलली. तपासणी बाकी.' पंधरा — तेच. बावीस — तेच. एकोणतीस — 'केबल बदलली.' पुढे काही नाही. तशाच केबलवर आम्ही नोव्हेंबरात माइन्झपर्यंत जाऊन आलो. थर्मासमधून कॉफी प्यायलो.

त्याच ऑक्टोबरात एकदा कारखान्यातून दोन तास उशिरा आले. पार्किंगमध्ये गाडी सापडत नव्हती म्हणाले. मी हसले. रात्री जेवताना उर्जाला फोनवर गंमत म्हणून सांगितलं.

म्हणजे मार्चमध्ये काही अचानक झालेलं नाही. आधीपासून थोडं थोडं आत शिरत होतं. यांना कळत असणार — नाहीतर एकच ओळ पाच वेळा कोण लिहितं? कळत होतं आणि मला सांगितलं नाही. की सांगत होते आणि मी हसले?

सोमवार, २ ऑक्टोबर

दसरा. यांच्या नंदिनी वहिनींचा पुण्याहून फोन — यशवंतभावजी कसे आहेत. म्हटलं, सुधारणा आहे.

यांची पान्यांची पेटी दरवर्षी पुजायचो. आजही पुसून पाटावर ठेवली, हळद-कुंकू वाहिलं, बाल्कनीतल्या कुंडीतला झेंडू. यांच्या डाव्या हातात अक्षता दिल्या. यांनी त्या तोंडात घातल्या. मी बोटानं काढल्या.

शनिवार, ७ ऑक्टोबर

केबल नीट बसवून पहिल्यांदा इंजिन लावलं. दांडा पुढे. टक्. आणि बोट पुढे गेली — दोर ताणले, पाणी मागे फेकलं गेलं. मी ओरडलेच. यांच्याकडे हात हलवला.

मिनिटभर. मग तेल तापलं तसे दोर सैल पडले. इंजिन चालू, पाणी शांत.

केसलरनी इंजिन बंद केलं आणि बराच वेळ हात पुसत राहिले. पुढच्या गिअरच्या चकत्या जळल्या आहेत. मागच्याच्या वेगळ्या असतात, त्या चांगल्या आहेत. बदलायच्या तर अख्खा गिअरबॉक्स बाहेर काढायचा, या जुन्या बनावटीच्या चकत्या कुठेतरी शोधायच्या. सहा आठवडे, मिळाल्या तर. आपल्याकडे सात दिवस.

"मग झालं," मी म्हणाले.

"फ्राउ दबीर," ते म्हणाले, "मागे तर जाते ना ती?"

मला वाटलं, म्हातारा समजूत घालतोय.

"नियमात स्वतःच्या इंजिनावर असं लिहिलंय. तोंड कुठे हवं ते लिहिलेलं नाही. तुम्ही चालवा. दोर धरायला मी पलीकडे थांबतो. माझ्या गुडघ्यांना आता एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पळवत नाही."

रविवार, ८ ऑक्टोबर

जुलैत हे 'तेल' म्हणाले नव्हते. 'ते' असेल. किंवा नुसता श्वास. मला ऐकायचं होतं ते मी ऐकलं.

मंगळवार, १० ऑक्टोबर

उर्जाचा फोन. माइन्झजवळच्या फ्लेगेहाइममध्ये एक खोली रिकामी झाली आहे. नाव तिनं मला न विचारता ऑगस्टमध्येच घातलं होतं. सोमवारपर्यंत कळवायचं. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "आई, मी बाबांबद्दल नाही बोलत आहे."

शनिवार, १४ ऑक्टोबर

सकाळी थंडी, पाण्यावर थोडं धुकं. यांना केसलर आपल्या गाडीतून पलीकडच्या धक्क्यावर घेऊन गेले. मी बोटीवर एकटी. एकटी अशी मार्चपासून कुठेच नव्हते, न्हाणीघरातही दार उघडं ठेवते.

दोर सोडले. दांडा मागे. टक्.

मागे जाताना बोट सुकाणूचं ऐकत नाही. शेपूट एका बाजूला ओढलं जातं. केसलरनी शिकवलं होतं — थोडी मागे घ्या, न्यूट्रल करा, तिला सरळ होऊ द्या, पुन्हा थोडी. घाई केलीत तर गोल फिराल. मी दोनदा गोल फिरले. दुसऱ्या वेळी काठच्या लव्हाळ्यांत शिरले, हुकाच्या काठीनं ढकलून बाहेर आले. कोणीतरी दुसऱ्या बोटीवरून ओरडलं, तोंड तिकडे आहे बाई. मी म्हटलं, माहीत आहे.

मग जमलं. थोडी मागे, न्यूट्रल, वाट बघायची. पायाखाली इंजिन, हाताला दांडा, आणि गिअर पडला की तळव्यात तो टक्. गिअर 'ऐकायचा' म्हणजे काय, ते इतक्या वर्षांनी मला आज समजलं. चारशे मीटरला चाळीस मिनिटं लागली.

त्या चाळीस मिनिटांत मला यांची एकदाही आठवण झाली नाही. यांची लघवी, गोळ्या, घसरतात का खुर्चीतून — काही नाही. पाठही दुखली नाही. नवा धक्का जवळ आला तेव्हा धक्क्यावर रोलश्टूल दिसली आणि क्षणभर — हे लिहायलाच हवं — क्षणभर मला कळलं नाही ती कोणाची.

मग कळलं. आणि मी दांडा न्यूट्रलला आणून थांबले. वारा नव्हता. बोट नुसती तरंगत राहिली. मला धक्क्याला लागायचं नव्हतं.

केसलर एका हातात दोर घेऊन उभे होते, दुसऱ्या हातानं यांना केळं भरवत होते. म्हणाले, "बघा, यशवंत, तुमची बोट आली." हे केळ्याकडे बघत होते. बोट लागली, इंजिन बंद झालं, मी उतरले, समोर गुडघ्यावर बसले, "अहो, आणली," म्हणाले. यांनी केळ्यासाठी तोंड उघडलं.

केसलरनी माझा हात हातात घेऊन हलवला. शाबासकीसारखा. क्लबचा माणूस येऊन जागेचा नंबर लिहून गेला. तेवीस.

रविवार, १५ ऑक्टोबर

उर्जाला फोन केला. म्हटलं, ती खोली घे.

तिनं मग विचारलं, कधीपासून?

म्हटलं, उद्यापासून मिळते का बघ.