गिरणीवालीचं पुढं काय झालं?

ईट,
मंगळवार, १९ ऑगस्ट

प्रिय सुमन,

परवापासून झड लागली आहे. सकाळी दोन्ही म्हशींची धार काढली, दूध केंद्रावर घातलं. येताना चप्पल चिखलात रुतून तुटली, ती हातात घेऊन घरी आलो. मग जेसीबीवाल्याचा फोन आला. "अण्णा, आज मशीन आत येत न्हाय, रुतून बसंल. उघडीप झाली की येतो." मी बरं म्हणालो. कालचं पिठलं गरम करून भाकरी खाल्ली. दुपारी तुझी कादंबरी घेऊन बसलो आणि संपवली.

संपवली म्हणजे, जिथं पानं संपली तिथं थांबलो. म्हणून तर हे लिहितोय.

तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. माहेरी जायचीस ती तेरखेड्याला, आणि राहायचीस ती दोन दिवस. नावानंही मी तुला कधी हाक मारली नाही. "अगं" म्हटलं की तू यायचीस. आज वर पहिल्यांदाच तुझं नाव लिहिलं.

जेसीबी कशाला, ते तुला ठाऊक नाही. तू हिवाळ्यात गेलीस, तेव्हापासून मी भट्टी पेटवली नाही. एकट्यासाठी खवा कुठं करत बसू? सगळं दूध केंद्रावर जातं. मागं सचिन पुण्याहून आला होता, तेव्हा म्हणाला, "अण्णा, भट्टी नुसती पडून आहे. ती आणि वरचं शेड काढून टाकू. दोन चांगल्या खोल्या निघतील, आम्हालाही सुट्टीत येऊन राहता येईल." त्याचं चुकलं असं नाही. पोरगा घरी येतो म्हणतोय, त्याला नाही कसं म्हणायचं? मी हो म्हणालो. आणि हो म्हणालो त्या दिवसापासून रोज आभाळाकडं बघतोय, की पाऊस थांबू नये!

पाऊस हा तुझा विषय. आमच्याकडं माणसं पाऊस बघतात ती पिकासाठी. किती झाला, ओल किती गेली, एवढंच. झड लागली की खूश होणारी बाई मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितली. मला वाटलं, ही जरा वेगळीच आहे. मग तू सांगितलंस. तेरखेड्यात घरोघर फटाक्यांचं काम. हवा ओली झाली की दारू वाळत नाही, कागदाच्या नळ्या मऊ पडतात, काम आपोआप बंद. "झड म्हंजी आमची सुट्टी," तू म्हणायचीस. "तेवढेच दिवस हात गोरे दिसायचे!"

आणि त्या सुट्टीत तू वाचायचीस. नळ्या वळायला रद्दीची पोती यायची, त्यातून जे हाताला लागेल ते. ही कादंबरीही अशाच एका पोत्यातली. पुठ्ठा नाही, सुरुवातीची पानं नाहीत. नाव काय, लिहिली कुणी, काही कळायला मार्ग नाही. लग्नात तू ती साड्यांच्या खाली घालून आणलीस. माझ्या आईनं ट्रंक उघडली तेव्हा तिला वाटलं, चुकून कचरा आला!

त्यातली गोष्ट मला तोंडपाठ होती. सगळ्या गल्लीलाच होती. एका गावात इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी असते. नवऱ्यामागं त्याची बायको ती चालवते. सगळं गाव तिच्या दारात दळण घेऊन थांबतं, बोलतं, भांडतं. कुणाचं दळण वेळेवर आलं नाही की ती ओळखते, त्या घरात काहीतरी दुखणं आहे, आणि संध्याकाळी चौकशीला जाते. मग गावात घरोघर छोट्या गिरण्या येतात. हिच्याकडं येणारी माणसं एकेक करून कमी होतात. एक दिवस तिला कळतं की तिच्या मागच्या घरातला म्हातारा वारला आणि दिवसही घालून झाले, तिला पत्ता नाही. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी दळण नसतानाही इंजिन चालू करते. नुसता पट्टा फिरत राहतो.

हे तू दर वर्षी झडीत वाचायचीस, भट्टीशेजारी बसून. ओले कपडे वाळवायला सगळ्या बायका आपल्याच शेडमध्ये यायच्या. दोरीवर पोरांचे गणवेश, खाली हुलगे भाजणं चालू, मध्ये तू पुस्तक धरून. आणि मी तुमच्याकडं पाठ करून कढईत उलथणं फिरवत. दूध आटायला लागलं की हात थांबून चालत नाही, डोळे काढून चालत नाही. तरी म्हातारा वारल्याचं कळतं त्या ठिकाणी एकदा माझा हात थांबलाच. खवा खाली लागला. शेडभर करपट वास! तू पुस्तक मिटून म्हणालीस, "अहो, मेलेलं माणूस पुस्तकातलं, खवा आपला!" बायका किती हसल्या. भूमच्या पेढेवाल्यानं तो खवा घेतला नाही, आठवडाभर आपणच खाल्ला.

तेव्हा ती मला गोष्टच वाटायची. असं कुठं गाव असतं का, असंही एकदा तुला म्हणालो होतो. तू पुढचं पान उलटलंस.

आता आपल्या गल्लीत बघ. प्रत्येक ओट्याला जाळी बसली आहे. झड लागली की दारं बंद. गल्लीचा मोबाईलवर ग्रुप आहे, त्यावर पावसाचे फोटो येतात. समोरच्या घरातून आपल्याच पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा फोटो काल मला आला! मी घरात बसून तो बघितला. आपले दत्तूमामा, पलीकडच्या बोळातले, पाय मोडून बार्शीला दवाखान्यात होते. परत आले तेव्हा मला कळलं. मी म्हणालो, "मामा, निरोप तरी द्यायचा." ते म्हणाले, "अरे, टाकलं हुतं की ग्रुपवर. तू बघितलं न्हाय व्हय?" मी घरी येऊन बघितलं. होतं. त्याखाली सगळ्यांनी हात जोडले होते. गेलं मात्र कुणी नव्हतं.

मला एकदम तुझी गिरणीवाली आठवली. म्हणून कपाटातून कादंबरी काढली. मी आणि पुस्तक! तुला हसू येईल. चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून वाचत होतो. वाचताना कानात तुझाच आवाज येत होता, कुठं थांबायचीस ते सुद्धा. आणि मला शेवट वाचायचा होता. कारण मला तो नीट आठवत नव्हता. एका वर्षी माणसं कंदील घेऊन गिरणीवर आली असं आठवायचं. एका वर्षी ती माहेरी गेली आणि अख्खं गाव तिला परत आणायला गेलं, असं. एकदा तर तिनं इंजिन विकून गाय घेतली. मला वाटायचं, माझं लक्ष दुधाकडं, मीच काहीतरी गोंधळ करतोय.

सुमन, शेवटची पानंच नाहीत! इंजिन चालू करून ती दारात येते, बाहेर पाऊस असतो, ती रस्त्याकडं बघते, आणि पुढं काही नाही. शिवणीत फाटलेल्या कडा तेवढ्या उरल्या आहेत. ती पानं तेरखेड्यातच कधीतरी नळ्यांना लागली असणार. कुठल्या तरी दिवाळीत कुणाच्या तरी अंगणात फुटली असतील.

मग तू काय वाचत होतीस? इतकी वर्षं, पुस्तकावर डोळे ठेवून?

घरात विचारायला कुणी नाही. मग उठलो, संध्याकाळची धार काढली आणि दूध केंद्रावर नेलंच नाही. कढई धुतली. भट्टी पेटवली. का, ते मला सांगता येणार नाही. लाकडं ओली, त्यामुळं नुसता धूर. गल्लीभर झाला असेल.

धुरानं कमलबाई आली. आपली शेजारीण, धुणं घेऊन सगळ्यात आधी यायची तीच. डोक्यावर पोतं, तोंडानं सुरू. "अण्णा, ह्ये काय धुराडं लावलंय? घरात दोरीवर माझं समदं धुणं हाय!"

मी म्हणालो, "लाकडं ओली आहेत."

"मग वाळलेली मागायची! तोंड न्हाय का तुमाला?" असं म्हणत ती गेली आणि बगलेत वाळलेल्या तुराट्या घेऊन आली. जाळ धरला तशी शेकायला बसली. तिची नजर फळीवरच्या पुस्तकावर गेली. "वैनीचं पुस्तक!"

मी विचारलं, "कमलबाई, याला शेवट नाही. तुम्हाला माहीत होतं?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "आता कळलं व्हय तुमाला? समद्यांना ठाव हुतं. सकाळी नळावर ठरायचं आमचं, आज तिचं काय करायचं म्हणून. ती गाय म्याच घ्यायला लावली हुती!"

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"वैनीनं सांगू दिलं न्हाय. म्हनायची, त्यास्नी खरं वाटतंय, वाटू द्या. शेवटाला तुमी उलथणं फिरवत इचारायचा ना, 'मग लोक आले का गं?' त्येच ऐकायला आमी थांबायचो." ती हसली, मग पदर तोंडाला लावला. मी दुधाकडं बघत होतो.

घरून हाक आली तशी ती उठली. जाताना सासूसाठी वाटीभर खवा घेऊन गेली. म्हणाली, "उद्या पेटवणार असाल तर सांगा, पोरांची दप्तरं लई भिजल्यात." मला वाटत नाही ती येईल. पण म्हणाली खरं.

ती गेल्यावर मला मागच्या वर्षीचा शेवट आठवला. गेली काही वर्षं शेडमध्ये ऐकायला मी एकटाच असायचो, तरी तू मोठ्यानं वाचायचीस. मागच्या झडीत तुझा आवाज बसला होता, मध्ये मध्ये खोकला यायचा. तू वाचलंस की त्या दिवशी गिरणीवर कुणीच आलं नाही. मी विचारलं, "मग?" तू म्हणालीस, "मग काय? तिनं ठरवलं, कुणी येवो न येवो, पाऊस लागला की इंजिन चालू करायचं. लांबच्या माणसाला आवाज तरी जाईल." मी म्हणालो, "हा शेवट काही बरा नाही." तू पुस्तक मिटून ठेवलंस.

ते गेल्या वर्षी नळावर कुणाशी ठरवलं नव्हतंस ना? नळावर आता कुणी नसतंच. मग ते तू मला सांगत होतीस का? सरळ सांगायचं होतंस! मला आडून बोललेलं कळत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? एकदा मागं वळून बघितलं असतं तर तू काय वाचतेस ते तरी दिसलं असतं. पण तूच म्हणायचीस, खवा आपला.

खवा उतरवल्यावर सचिनला फोन केला. म्हणालो, भट्टी राहू दे.

"का अण्णा? ठरलं होतं ना आपलं?"

"खोल्या गोठ्याच्या बाजूला घेऊ. भट्टी राहू दे."

"पण कशासाठी? तुम्ही तर पेटवतही नाही."

"आज पेटवली. इकडं झड आहे."

तो म्हणाला, "आईचं पुस्तक आहे का अजून?" मी आहे म्हणालो. "तो कंदिलाचा शेवट मला आठवतोय," म्हणाला. मी त्याला काही सांगितलं नाही. जेसीबीवाल्याला मात्र फोन करून कळवलं, उघडीप झाली तरी येऊ नको.

खरा शेवट काय आहे, ते मी शोधणार नाही. सचिनला सांगितलं तर तो मोबाईलवर कुठूनही काढून देईल. नको.

तुला एवढा शब्द देतो. जोवर माझ्यानं उलथणं उचलवतंय तोवर झड लागली की एक दिवस तरी भट्टी पेटेल. आणि पुस्तक मोठ्यानं वाचीन. मला नीट वाचता येत नाही, अडखळेन. शेवट मलाच लावावा लागेल, तो काही चांगला जमायचा नाही. माणसं आली, एवढंच म्हणेन.

बाहेर अजून पडतोय. पत्र्यावर चांगला आवाज येतोय. तुला आवडला असता.

आता थांबतो. कढई भिजत घातली आहे. ती राखेनं घासायची आणि भिंतीला उभी करून ठेवायची.

तुझा,
नामदेव