आत्याच्या पर्समधल्या गोळ्या

सोमवार, दुपार

लाडक्या पोरी,

तुला अनेक आशीर्वाद, बाळांना पापे, जावईबापूंना मी विचारलंय म्हणून सांग.

काल सगळ्यांत आधी दारात कोण उभं, तर तुझी आत्या. पाठोपाठ आतोबा धापा टाकत, कारण लिफ्ट बंद आणि आत्यानं त्यांना जिन्यात टेकूसुद्धा दिलं नाही. मागे त्यांची सून, हातात रिकामी बॅग. बॅग कशाला ते मी लगेच ओळखलं. माझे कपडे भरून मला न्यायला आली होती मंडळी.

तुझ्या वहिनीनं पाणी पुढे केलं, तर आत्या म्हणाली, "या घरातलं पाणी मला नको." वहिनी पेला धरून तशीच उभी. मला मात्र आतून हसू येत होतं, कधी नव्हे ते हुकमाचं पान माझ्या हातात होतं. आत्या मला म्हणाली, "हात दाखव बघू." मी दोन्ही बाह्या पार खांद्यापर्यंत सारल्या. धुतल्यासारखे स्वच्छ. तिनं चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

तुला आठवतात ना ते डाग? तू आलीस तेव्हा दंडावर चार बोटं उमटली होती, काळीनिळी. तू निघताना वहिनीला येते म्हणाली नाहीस, आणि तेव्हापासून तिचा फोनही उचलत नाहीस. मी सांगत होते, न्हाणीघरात पाय घसरला, तिनं धरलं म्हणून वाचले. तुम्हाला वाटलं, म्हातारी सुनेला भिऊन बोलतेय.

पुढचं तुला कळवलंच नव्हतं. आता बरी आहे म्हणून लिहिते. एका सकाळी नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेचना. वहिनीनं मला दवाखान्यात नेलं, घाईत तिच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला. ठेवून घेतलं गं मला. डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाची. म्हणाली, हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी घेता, आणखी कुठलं औषध? मी म्हटलं, नाही. मग गुडघ्यांचा विषय निघाला, तर मी सांगितलं, नणंदेच्या पर्समधल्या गोळ्यांनी फार आराम पडलाय. ती लिहायची थांबली.

अगं, मी खोटं नव्हते बोलले. औषध म्हणजे डॉक्टर देतो ते. नणंदेनं प्रेमानं हातावर ठेवलं ते कसलं औषध?

तर त्या दोन गोळ्यांचं एकमेकींशी मुळीच पटत नाही. दोघी पोटात गेल्या की रक्त थांबायचंच विसरतं, नुसतं धरलं तरी डाग पडतो. गुडघ्यांची बंद केली, आणि हे बघ हात.

हे सगळं सांगून मी त्या गुडघ्यांच्या गोळ्यांची पाकिटं आत्यासमोर ठेवली. तिनं ओळखली. आतोबा खिडकीबाहेर बघायला लागले. आत्या खुर्ची ओढून बसली आणि वहिनीला म्हणाली, "तो पेला दे इकडे."

"थांबा, गार आणते."

"हेच दे."

घटाघटा प्यायली बघ. बॅग रिकामीच परत गेली. जिना उतरताना आतोबा म्हणाले, बरं झालं, हलकी आहे.

आत्याला डागांचं तूच कळवलंस, ठाऊक आहे मला; लेकीला आईची काळजी वाटणारच, मी रागावले नाही. पण पत्र मिळालं की फोन आधी वहिनीला लाव, मला मागाहून. आणि तुझं ताट मी धरलंय, कारण आत्याची सगळी मंडळी पुन्हा जेवायला येतो म्हणालीत, येत्या रविवारी.

दोन्ही हात ठणठणीत असलेली,
तुझी आई