सूनबाईचा पाट

ती. लालादादांना धाकट्या मनूचा वाकून नमस्कार. साखर किती आली तुमची? (तोंड आवरलं असेल असं वाटत नाही.) वहिनींच्या गुडघ्याला तेल चोळा. त्या नको म्हणतील, तरी चोळा. आम्ही इकडे कराडात बरे आहोत. म्हणजे नव्हतो. मला बसलेला धक्का अजून छातीतून खाली उतरलेला नाही, आणि फोनवर तुम्ही 'हॅलो हॅलो'पलीकडं काही ऐकत नाही, म्हणून चौथीपर्यंतच्या शाळेवर हे पत्र लिहिते आहे. चुका काढू नका.

माझा वीरधवल पलटणीतून परत आला नाही, तेव्हापासून शिवांजली त्याच्या फोटोसमोर बसून असायची. सून झाली तरी कुणाची तरी पोरगीच ती. शेवटी मीच म्हटलं, ऊठ, काहीतरी शीक. म्हणून ती सांगलीला विश्रामबागेत मास्तरीण व्हायच्या कॉलेजात गेली. आता कॉलेजवाले या पोरींना सरळ शाळेतच धाडतात, जा, खऱ्या पोरांपुढं उभ्या राहा आणि शिका. (तुम्ही मला विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं होतं, तसलाच प्रकार.)

तर मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. "आई, सोमवारी माझा पाट लागलाय."

दादा, मी आधी गॅस बारीक केला. नवरा गेलेल्या बाईचं दुसरं लग्न म्हणजे पाट, आणि ही मला कालवण काय केलं ते सांगावं तसं सांगते! म्हटलं, कुठं गं? तर म्हणे, "शाळेतच. अवधूत सर बघायला येणार हायत. लय भ्या वाटतंय, पहिलाच हाय न्हवं." पहिलाच? म्हटलं, म्हणजे अजून हायत? तर हसतीय! "पुष्कळ करायचं हायत, आई. तवा कुठं सर्टिफिकेट मिळतंय. आन् हा बिघडला तर लगेच दुसरा लावत्यात." माझ्या हातातली पळी आमटीत बुडाली. बाईनं किती पाट लावायचे हे आता सरकार ठरवणार? आणि वर सर्टिफिकेट?

सोमवारी सकाळची एसटी धरली. पिशवीत एक नवी साडी घेतली. (निघाले होते भांडायला, पण पाटाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं म्हणजे आपल्या घराण्याची शोभा.) शाळेच्या दारात शिपाई आडवा आला, "मावशी, थांबा, आत पाट चालू हाय." म्हणजे मला न विचारता चालूसुद्धा केला! त्याला बाजूला सारला आणि दार ढकललं.

आत ना मांडव, ना भटजी. ओळीनं बसलेली पोरं, फळ्यापाशी खडू धरलेली शिवांजली, आणि पार मागच्या बाकावर चष्मा लावून काहीतरी खरडणारा एक टकला माणूस. म्हटलं, "तुमीच का बघायला आलाय?"

तो उठून म्हणतो, "हो, मीच. आपण?"

"मी सासू हिची! एवढ्या पोरांदेखत पाट लावता, लाज न्हाई वाटत? आईबाप कुठायत तुमचं?"

"माझे? वारले." बिचारा खरंच विचारात पडला.

"मग थोरलं कोण हाय? मी बोलू कुणाशी?"

तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक आगाऊ पोरगी म्हणाली, "बाई, ही आजी बी तुमचं साधन हाय का?" (शिकवताना चित्रं, तक्ते आणतात त्याला साधन म्हणतात, हे मला मागाहून कळलं.)

शिवांजलीचं तोंड खडूसारखं पांढरं झालं. तिनं फळ्यावर दोन शब्द लिहिले आणि एक खाडकन खोडला. "आई, ट टरबुजाचा न्हवं, ठ ठशाचा! पाठ! धडा शिकवायचाय मला, धडा!" सगळा वर्ग ओरडला, ठ ठशाचा! मी घाबरून साडीची पिशवी त्या मास्तरांच्याच हातात दिली आणि बाहेर आले.

मास्तरांनी तो पाठ रद्द धरला. तिला तो आता परत घ्यायचाय. रविवारी घरी आली, पण चहा घ्या, भाकरी वाढू का, एवढंच बोलली. पुढं लिहायला तोंड नाही, तेव्हा थांबते.

तुमची मनूबाई

ता. क. खरी गोष्ट लिहायचीच राहिली. आष्ट्यापर्यंत मी एसटीत नुसत्या शिव्या घोकत होते. आष्टा मागं पडल्यावर मनात आलं, माणूस बरा असला तर? आणि तो पाट नव्हता हे कळल्यावर मला हायसं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. धक्का बसलाय तो ह्याचा. फलटणला तुमच्या ओळखीत कुणी न पिणारा, हिला पुढं शिकू देणारा असला तर बघा. मी तिची आई म्हणून उभी राहीन. तिला मात्र यातलं काही कळू देऊ नका.

आणखी ता. क. पाकिटात घालायच्या आधी पत्र शिवांजलीच्या हाताला लागलं. सगळं वाचून, ह्रस्वदीर्घ सुधारून तिनं मला पुन्हा लिहायला बसवलं, म्हणून एवढं नीट दिसतंय. मी म्हटलं, आता मेले. तर पेन ठेवून म्हणते, "आदी परीक्षा हू द्या. पण बघायला कोण आलं, तर तुमी दाराभाईर बसायचं."

दादा, ती नाही म्हणाली नाही! तेव्हा बघाच. आणि माणसं संध्याकाळचीच धाडा, दुपारी आमच्या दाराबाहेर सावली नसते.