रविवारचं उघडं दार

दादा,

या रविवारीही वीस पर्यटक पाहुण्यांची वरात घेऊन आपल्या गल्लीतून पायी फिरलास. "शहराच्या पोटातलं खेडं बघा!" आमच्या दोरीवरच्या कपड्यांचेही फोटो काढू दिलेस. जनाची नाही, मनाची तरी? वर आपल्याच घरासमोर उभं राहून सांगितलंस, "इथे एक म्हातारा शिंपी राहतो. ही माणसं दाराला कडीसुद्धा लावत नाहीत."

अरे, तो म्हातारा शिंपी तुझा बाप आहे! आणि कडी आम्ही रोज लावतो. फक्त रविवारी बाबा लावू देत नाहीत. इस्त्रीचा सदरा घालून सकाळपासून मशीनपाशी बसतात. म्हणतात, "पाहुण्यांना पुढे पाठवून येईल तो आत."

हे पत्र तुला दिसेल असं दारावर चिकटवणार होते. पण रविवारी दार बंद असतं कुठे?

तुझीच,
आतून बघणारी बहीण