उद्याच्या विजेचा तक्ता

४ ऑक्टोबर, शनिवार

ठरलं. सहा डिसेंबरच्या गावसभेत गावप्रमुखाची निवड आहे आणि मी उभा राहणार. उर्मास नऊ वर्षं त्या खुर्चीत बसलाय. केलं काय, तर बसथांब्याला रंग. मी गावाला विजेचं भविष्य देणार. देश एवढासा, वीज बरीचशी फिनलंड-स्वीडनकडून. तिकडे वारा पडला, पवनचक्क्या थांबल्या, की भाव चढतो आणि इकडे किटली लावायची भीती वाटते. हे गणित गावात एकट्या मला कळतं. छत्तीस वर्षं भूगोल शिकवलाय.

प्लॅन: उद्याच्या विजेचे तासातासाचे भाव रोज दुपारी जाहीर होतात. तीन वाजता ते कागदावर उतरवून हिल्येच्या दुकानाच्या दारावर लावायचे. स्वस्त तास हिरवे, महाग लाल. फोनवरची ॲप्स नकोत. मी थेट वीजबाजाराच्या मूळ वेबपानावरून घेतो.

५ ऑक्टोबर

पहिला तक्ता लागला. हिल्येने बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, बरं. आमच्याकडे 'बरं' म्हणजे टाळ्याच.

११ ऑक्टोबर, शनिवार

हिरवा तास दुपारी एकचा, म्हणून सॉना दुपारी एकला. मारेत म्हणाली, जेवणाच्या ताटावरून उठून घाम गाळायला कोण जातं? बायकोला बाजार समजत नाही. सॉनातली लाकडाची भट्टी काढून विजेची मी गेल्या वर्षीच बसवली. त्याबद्दल ती अजून बोलते. इथे लिहीत नाही.

१९ ऑक्टोबर

मीटर पाहिला. खर्च अंदाजापेक्षा जास्त. कारण वारा. उद्यापासून वाऱ्याची वेगळी वही. मारेत चहा देताना तक्त्याबद्दल काहीतरी सांगत होती. नॉर्वेच्या किनाऱ्यावरचे आकडे उतरवत होतो, नीट ऐकलं नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

आजपासून हिवाळी वेळ, घड्याळं तासभर मागे. घरातली सातही मी स्वतः लावली. दुकानाच्या दारावर मोठ्या अक्षरांत सूचनाही चिकटवली: वेळेच्या बाबतीत गाफील राहू नका. प्रमुखाने अशी काळजी घ्यायची असते.

३ नोव्हेंबर

बिलं आली. शेजारच्या वाइकेबाई एक्याऐंशी वर्षांच्या, विजेच्या ओव्हनमध्ये अर्ध्या गावाचा राय धान्याचा काळा पाव भाजतात. त्यांचं बिल गेल्या वर्षीपेक्षा उतरलं. आमचं चढलं. तक्ता तोच! एकच अर्थ: म्हातारी अंधारात बसते. जाऊन सांगितलं, जिवाचे इतके हाल करू नका. त्यांनी अर्धा पाव हातात दिला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

उणे अकरा. वारा शून्य. समुद्राखालची एक केबल बंद. अख्खा तक्ता लाल. दारावर माझं निवेदन लावलं: घाबरू नका, मंगळवारी वारा येतोय.

सॉना रद्द. मारेत कोट घालून जेवली. मग टॉवेल उचलून उर्मासच्या बायकोबरोबर त्यांच्या सॉनात गेली. त्यांची भट्टी लाकडाची. निवडणुकीला तीन आठवडे असताना माझी बायको विरोधकाच्या सॉनात! परत आली ती गालांवर लाली घेऊन. मी बोललो नाही. थंडीने दात वाजत होते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

वारा आला नाही.

२२ नोव्हेंबर

घरोघरी प्रचार. एकानेही विरोध केला नाही. खरं तर एकानेही काहीच म्हटलं नाही. मौन म्हणजे पाठिंबा. पंचवीसपैकी वीस मतं धरून चाललोय. 'पुढच्या दहा वर्षांतला आपला वीजबाजार' हे भाषण तयार. चौदा पानं.

५ डिसेंबर

तक्त्यावर प्रत्येक ओळीपुढे कुणीतरी पेन्सिलने बारीक आकडे लिहिलेत. लोक अभ्यास करायला लागले. भरून आलं.

६ डिसेंबर, शनिवार, संध्याकाळी

लिहायचं नव्हतं.

भाषण दुसऱ्या पानापर्यंत उत्तम चाललं. उदाहरण म्हणून सांगितलं, उद्या सगळ्यात स्वस्त बारा ते दोन. पहिल्या रांगेतून वाइकेबाई शेजारणीला म्हणाल्या, "म्हणजे एक ते तीन." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी प्रेमाने म्हटलं, नाही वाइकेबाई, बारा. तेव्हा हिल्ये उठली.

"एवाल्द, ते पान स्वीडनच्या घड्याळाने चालतं. आपण एक तास पुढे. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. सगळे तक्त्यात एक तास वाढवूनच वाचतात."

छत्तीस वर्षं मी मुलांना रेखांश शिकवले.

मला कुणी सांगितलं का नाही, असं विचारलं. वाइकेबाई म्हणाल्या, "तुम्ही विचारलं नाहीत. दुसऱ्याच्या कामात आपण कशाला बोलायचं?"

म्हणजे दोन महिने अख्खं गाव माझ्या तक्त्यावर वीज वाचवत होतं आणि चुकीच्या तासाला सॉना तापवणारा मी एकटा.

उर्मास २२, मी ३. एक माझं, एक वाइकेबाईंचं. तिसरं खुद्द उर्मासचं, म्हणाला स्वतःला मत देणं बरं दिसत नाही. घरी येताना मारेतला विचारलं, तुला तरी माहीत होतं? ती म्हणाली, "तीनदा सांगितलं. तू वारा मोजत होतास." मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं, उर्मासला. मी निवडून आलो असतो तर घरात राहणं कठीण झालं असतं म्हणे.

७ डिसेंबर, रविवार

तक्ता बंद. गावाने आपलं आपण बघावं.

दुपारी सव्वातीनला वाइकेबाई दारात. तक्ता कुठाय, उद्या पाव भाजायचाय. मी मान खाली घालून म्हटलं, लावतो, आणि आजपासून आपल्याच वेळेप्रमाणे, अगदी बरोबर लावतो.

वाइकेबाईंनी हातानेच थांबवलं.

"नको. आता सगळ्यांना सवय झालीय. तुम्ही आपला चुकीचाच लावा."

लावला.